उंची ५ फूट ३ इंच, चार-पाच दिवसांचे प्रवास, निम्मा रस्ता कच्चा. ड्युअल स्पोर्ट, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणारी मोटरसायकल, कोणती घ्यावी? सगळे म्हणतात ६५० सीसीच्या खाली बघू नकोस.

सगळे चुकीचं सांगतायत. तुम्ही लिहिलंय की बहुतेक वेळा एकट्याने जाणार, सामान गाडीवरच असणार आणि कच्चा रस्ता मुद्दाम शोधून घेणार. एवढं ऐकूनही जो माणूस आधी सीसीचा आकडा सांगतो, त्याने तुमचा प्रश्न नीट ऐकलेलाच नाही.

माझी उंची तुमच्याहून इंचभर कमीच आहे आणि हे ६५० चं पालुपद मी घरातच ऐकत आलेय, म्हणून उत्तर जरा लांबेल. माझा थोरला भाऊ माझ्या कितीतरी आधीपासून गाडी चालवतो. क्लच कसा सोडायचा हे मला त्यानेच शिकवलं. पण त्याचं मत पहिल्यापासून पक्कं आहे: लांबच्या पल्ल्याला मोठं इंजिन, जड गाडी आणि सामानासाठी अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या. हलकी गाडी जवळपास भटकायला. ‘आणि तुझ्या उंचीला तर यातलं काहीच नको, बसकी क्रूझर घे.’ या विषयावर आमची जेवढी भांडणं झालीत तेवढी दुसऱ्या कशावरूनही झाली नसतील.

त्याचा हुकमाचा पत्ता म्हणजे डाकार रॅली, वाळवंटातली अनेक दिवसांची शर्यत. बीएमडब्ल्यूने १९८० मध्ये आर८० जी/एस आणली आणि पुढच्याच वर्षी ह्युबेर ओरिओलने त्या जातीच्या दोन सिलिंडरच्या गाडीवर ती रॅली, तेव्हाची पॅरिस-डाकार, जिंकली, हे तो दर वेळी सांगतो. खरं आहे. पण त्याच्याही आधी, १९७८ च्या डिसेंबरात निघून १९७९ च्या जानेवारीत संपलेली पहिलीच पॅरिस-डाकार सिरिल नेव्हूने यामाहा एक्सटी५०० वर जिंकली होती. एक सिलिंडर, ५०० सीसी. आणि २०११ पासून तर त्या रॅलीत दुचाकींना ४५० सीसीचीच मर्यादा आहे. म्हणजे जगातले सगळ्यात कसलेले स्वार तो सगळा खडतर पल्ला ४५० वर मारतात, आणि आपलं मात्र चार दिवसांच्या भटकंतीला ६५० च्या खाली भागणार नाही. त्यांच्या मागे मेकॅनिक असतात हे मान्य. पण मग ज्याच्या मागे मेकॅनिक नाही, त्याला जड गाडी घ्यायला सांगणं तर आणखीच चूक ठरतं.

तुम्ही वजनापासून सुरुवात करा. कागदावरचं नव्हे, तुमच्या हातात येणारं वजन. काही ठिकाणी तेल-पेट्रोल न धरता कोरडं वजन छापलेलं असतं, त्याकडे बघूही नका. टाकी भरलेली असताना होंडा सीआरएफ३००एल १४२ किलोच्या आसपास आहे, सुझुकी डीआर६५० १६६, रॉयल एनफिल्डची नवी हिमालयन ४५० १९६, आणि बीएमडब्ल्यू आर१२५०जीएस जवळजवळ २५० किलो. त्यावर तंबू, पाणी, हत्यारं आणि कपडे मिळून वीस-पंचवीस किलो सहज चढतात. चिखलात आडवी झालेली ही बेरीज, दिवसभर चालवून थकल्यावर, तुम्हाला एकट्याने उचलता येईल का? हाच प्रश्न आहे.

हे मी नुसतं बोलत नाही. एका प्रवासाला दादा आणि मी दोघंच गेलो होतो. त्याची गाडी दोन सिलिंडरची, टाकी भरून सव्वादोनशे किलोच्या वर, दोन्ही बाजूंना पेट्या आणि मागे तंबू. माझी २५० सीसीची, मऊ बॅगा लावलेली. निम्मा प्रवास झाल्यावर एका दुपारी ओढा आडवा आला. पाणी गुडघ्याच्याही खाली, पण तळाला शेवाळलेले गोल गोटे, आणि रात्री पाऊस होऊन गेल्यामुळे पाणी गढूळ. मी आधी चालत पलीकडे जाऊन आले, कुठून न्यायची ते ठरवलं आणि फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभी राहून पहिल्या गियरमध्ये ओढा पार केला.

दादा मागून निघाला. मध्यावर पुढचं चाक गोट्यावरून घसरलं. त्याने पाय टेकला, तर पायाखालचा गोटाही सरकला. गाडी एका मर्यादेपलीकडे कलली की मग कोणाच्या बापाला आवरत नाही. दादा सहा फुटी आहे, व्यायाम करतो, त्या क्षणी त्याचा काही उपयोग झाला नाही. गाडी उजवीकडे आडवी झाली आणि त्याचा पाय घोट्यापासून पेटीखाली अडकला. मी पाण्यातून धावले, किल स्विच दाबून इंजिन बंद केलं, पेटीचा कडी-कोयंडा उघडून ती सैल केली तेव्हा कुठे पाय निघाला. बूट चांगले होते म्हणून हाड वाचलं, पण पाय सुजला.

मग आम्ही दोघांनी गाडी उचलायला घेतली. अर्धी उठायची आणि गोट्यांवर आमच्यापैकी कोणाचातरी पाय सुटायचा की परत खाली. पेट्या काढल्या, तंबू काढला, मी सगळं पलीकडे वाहून नेलं, तरी उठेना. शेवटी वाटेने चालत येणारे दोघं भेटले तेव्हा चौघांनी मिळून ती बाहेर काढली. एअर फिल्टर भिजलेला, तिथपर्यंत पोहोचायला टाकी काढावी लागत होती, अंधार पडत आलेला. मुक्काम तिथेच ओढ्याकाठी.

दुसऱ्या दिवशी खडीच्या चढावर मीही पडले. दादा पुढे निघून गेला होता. गाडी उजवीकडे पडली होती, म्हणून आधी साइड स्टँड उघडला, गियरमध्ये टाकली, हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवलं. सीटला पाठ लावून बसले, एका हातात हँडलची मूठ, दुसऱ्यात कॅरिअरची नळी, आणि पायांनी जोर देत मागे मागे चालत गेले. गाडी उभी राहिली. दादा काय झालं बघायला परत वळून येईपर्यंत मी चढ संपवत आले होते. संध्याकाळी तो म्हणाला, ‘काल ओढ्यात माझं नशीब खराब होतं.’ नशिबाचा त्यात काही संबंध नव्हता. दगड दोघांनाही तेच होते, गाडीचं वजन वेगळं होतं.

पेट्यांचं मत इथेच सांगून टाकते. कच्च्या रस्त्यावर मऊ बॅगाच घ्या. कडक पेटीखाली पाय सापडला तर पेटी वाकत नाही, पाय वाकतो.

आता उंची. दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत ही अट डोक्यातून काढा. एका पायाचा चवडा भक्कम टेकला की पुरे, सीटवरून थोडं एका बाजूला सरकून थांबायची सवय लावायची. सीआरएफ३००एलची सीट कागदावर ८८० मिमी उंच आहे, ऐकून छातीत धस्स होतं, पण सीट अरुंद आहे आणि तुम्ही बसल्यावर सस्पेन्शन बरंच खाली येतं. सामानासकट बसल्यावर ते जेवढं वरखाली होऊ शकतं त्याच्या साधारण एक तृतीयांश दबलं पाहिजे. तेवढं दबत नसेल किंवा जास्त दबत असेल तर आधी प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, बदला. त्यानंतर सीटचा फोम कमी करा. लिंक (मागच्या सस्पेन्शनचा जोडदांडा) बदलून गाडी खाली करणं सगळ्यात शेवटी, कारण त्यात ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा) जातो आणि त्यासाठीच तर ही गाडी घ्यायची आहे. डीआर६५० ला मात्र कंपनीनेच सस्पेन्शन खाली बसवायची सोय ठेवलेली आहे, तिथे बिनधास्त करा. होंडा एक्सआर६५०एलच्या वाटेला जाऊ नका, ९४० मिमी आपल्यासाठी नाही.

टाकी बघा. ३००एलची फक्त ७.८ लिटर. लिटरला ३० किमी धरले तरी जेमतेम २३०, आणि वाळूत किंवा सततच्या चढावर त्यातलेही कमी होतात. तिच्याच सीआरएफ३०० रॅली या भावंड-मॉडेलला १२.८ लिटर मिळतात, वजन दहा-अकरा किलो वाढतं. बहुदिवसीय प्रवासाला मी रॅली घेईन. कावासाकी केएलआर६५० ची २३ लिटरची टाकी मोहात पाडते, पण ती गाडी दोनशे किलोच्या वर जाते, म्हणजे पुन्हा ओढ्यातला प्रश्न. हिरो एक्सपल्स २०० हलकी आणि साधी, १३ लिटरची टाकी, नव्याने शिकणाऱ्याला उत्तम. हिमालयन ४५० ची सीट ८२५ मिमी, पाय छान टेकतात, पण वजन वर दिलंय, ते विसरू नका.

घेण्याआधी एक आकडा जरूर शोधा: गाडीला परवानगी असलेलं एकूण वजन. त्यातून भरल्या टाकीचं वजन वजा करा, मग तुमचं. उरतं तेवढंच सामान. हलक्या गाड्यांच्या मागची चौकट नाजूक असते, जास्त लादलं की वेल्डजवळ तडा जातो. आणि शर्यतीच्या जातीची एन्ड्युरो (कच्च्या वाटांवरच्या स्पर्धांसाठीची गाडी) स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका. तिचं तेल किलोमीटरवर नाही, तासांवर बदलावं लागतं. चार दिवसांत तुम्ही वैतागाल.

ट्यूबचे टायर असतील तर घरी एकदा मागचं चाक उतरवून, ट्यूब बदलून, परत बसवून बघा. सोबत एकच जादा ट्यूब न्यायची तर पुढची २१ इंची न्या. अडचणीत ती मागच्या १८ इंची चाकात कोंबून मुक्कामापर्यंत येता येतं, उलट जमत नाही.

हे सगळं एकट्याने जाणाऱ्यासाठी आणि निम्म्या कच्च्या रस्त्यासाठी. मागे कायम कोणी बसणार असेल किंवा रोज चारशे किमी हायवेच असेल, तर माझं उत्तर बदलेल. तेव्हा हिमालयन किंवा केएलआर घ्या. उंच आणि दणकट माणसालाही माझ्याइतका वजनाचा बाऊ करायची गरज नाही, फक्त सोबत कोणीतरी असावं.

दादा हे वाचेल आणि म्हणेल की डांबरीवर मी मागे पडते. पडते. समोरून वारा असेल तर छोटी गाडी ताशी ९० वर सुखात असते, ११० ला ओढाताण करते. त्यासाठी सोबत्यांना निघतानाच सांगून ठेवा की पुढच्या पेट्रोल पंपावर भेटू.