ऑइल सांडतं ते बोल्टपेक्षा फिल्टरपाशी

प्रश्न: ताई, गाडीचं इंजिन ऑइल मी स्वतःच बदलतो. दर वेळी फरशीवर काळं थारोळं होतं, हात कोपरापर्यंत माखतात आणि पुढचे चार-पाच दिवस गाडीखाली थेंब पडत राहतात. मोठा ट्रे घेतला, खाली वर्तमानपत्रं पसरली, तरी तेच. काय करू?

उत्तर: थेंब पुढचे चार-पाच दिवस पडतात हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण सगळा उलगडा तिथूनच होतो. ट्रेमध्ये न गेलेलं ऑइल सगळंच फरशीवर येत नाही. बरंचसं वाटेत अडकतं: इंजिनखालच्या प्लॅस्टिकच्या कव्हरवर, आडव्या बीमच्या खाचेत, सायलेन्सरच्या पाइपवर. गाडी चालली, तापली की ते थोडंथोडं खाली उतरतं. म्हणजे ट्रे कितीही मोठा घेतलात तरी हा त्रास संपणार नाही. ऑइल ट्रेपर्यंत पोचायच्या आधीच वाट सोडतंय.

मी गॅरेजमध्ये शिकत होते तेव्हा आमचे उस्ताद पाना हातात देण्याआधी विचारायचे, "हे सुटल्यावर ऑइल कुठून कुठे जाईल, बोटाने दाखव." ते दाखवल्याशिवाय बोल्टला हात लावू द्यायचे नाहीत. तुम्हीही गाडीखाली बॅटरी मारून आधी एवढंच करा. चेंबरचा, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचा, बोल्ट कुठे तोंड करून आहे, फिल्टरच्या बरोबर खाली काय आहे, मध्ये कव्हर येतंय का, हे नीट पाहा.

कव्हर असेल तर ते पूर्ण काढा. बोल्टसमोर त्याला छोटी खिडकी ठेवलेली असते आणि तेवढ्यातून काम उरकावंसं वाटतं. पण धार जराशी सरकली की ऑइल कव्हरच्या आत साचतं. कव्हर जाड कापडी थराचं असेल तर ते ऑइल पिऊन बसतं आणि बरेच दिवस ठिबकत राहतं. चार-सहा स्क्रू जास्त काढावे लागतील, ते काढा.

गाडी सपाट जागेवर हवी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. स्टँड लावा, चाकांना अडण द्या. हे मी प्रत्येक उत्तरात लिहिते आणि पुढेही लिहीत राहणार आहे. इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद करा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. कोमट ऑइल नीट वाहतं. कडक तापलेलं हात भाजतं, आणि त्या चटक्यानेच बोल्ट हातातून सुटून धार भलतीकडे जाते.

आता बोल्ट. बऱ्याच गाड्यांत तो सरळ खाली नसतो, तिरका किंवा आडवा असतो. त्यामुळे पहिली धार कमान करून लांब पडते. चेंबरमधलं ऑइल कमी होईल तशी ती जवळ येते आणि शेवटी बारीक होऊन चेंबरच्या अंगानेच ओघळते. नेमकं याच वेळी माणूस उठून दुसरं काम करायला गेलेला असतो. ट्रे धारेच्या दिशेने लांब ठेवा आणि धार जवळ आली की सरकवा. उघड्यावर काम करत असाल तर वारा बारीक धारेला उडवतो, म्हणून तेव्हा ट्रे विटांवर ठेवून जितका वर घेता येईल तितका घ्या. ट्रेखाली वर्तमानपत्रांऐवजी मोठा जाड पुठ्ठा घाला. कागद सरकतात, भिजून फाटतात.

बोल्ट रिंग पान्याने किंवा गोटीने (सॉकेटने) सैल करा. साध्या पान्याने त्याचे कोपरे गोल होतात. हाताने फिरू लागला की त्याला चेंबरच्या आत दाबत दाबत फिरवा. दाबून धरलं तर शेवटच्या आट्यापर्यंत फारसं ऑइल बाहेर येत नाही. शेवटचा आटा सुटलेला बोटांना कळतो. त्या क्षणी बोल्ट धारेच्या उलट बाजूला झटकन घ्या. हात खालून वर नेऊ नका, बाजूने आडवा न्या. खालून नेलेल्या हातावरून ऑइल मनगट, कोपर करत बाहीत शिरतं. वरचं, ऑइल भरायचं झाकण सुरुवातीला बंद ठेवा आणि धार लागली की उघडा. हातमोजे नायट्राइलचे घ्या, साधे रबरी ऑइलने फुगतात. वापरलेलं ऑइल वर्षानुवर्षं कातडीला लागत राहणं आरोग्याला घातक आहे, त्यामुळे मोज्यांचा कंटाळा करू नका.

इथपर्यंत बहुतेक लोक काळजी घेतात. खरी सांडलवंड पुढे फिल्टरपाशी होते, आणि तुमचीही तिथेच होत असणार असं मला वाटतं.

बऱ्याच फिल्टरच्या आत एक रबरी झडप असते. इंजिन बंद असताना ऑइल मागे जाऊ नये म्हणून ती बसवलेली असते. म्हणजे चेंबर रिकामा झाला तरी फिल्टर भरलेलाच राहतो. तो आडवा बसवलेला असेल तर सैल केल्या केल्या ऑइल ब्लॉकवरून ओघळत बीमवर आणि सायलेन्सरवर जातं. तुमचे थेंब तिथले आहेत. गरम सायलेन्सरवर पडलेलं ऑइल धूरही करतं.

त्यासाठी मी असं करते. जाड ॲल्युमिनियम फॉइलची घडी करून पन्हळ बनवते, तिचं एक टोक फिल्टरच्या कडेखाली घट्ट दाबते आणि दुसरं ट्रेवर आणून सोडते. मग फिल्टर पाव-अर्धा फेराच सैल करते आणि थांबते. ऑइल पन्हळीतून उतरू लागतं. चांगली पाच-सात मिनिटं ते उतरू द्यावं. त्यानंतर फिल्टरवर मजबूत प्लॅस्टिकची पिशवी चढवून, पिशवीतूनच धरून तो पूर्ण काढावा आणि लगेच तोंड वर करावं. काहीजण आधी फिल्टरला भोक पाडून तो रिकामा करतात. मला ते पसंत नाही. भोक पाडल्यावर फिल्टर निघालाच नाही तर ना गाडी चालवता येते, ना तो तसा ठेवता येतो.

फिल्टर निघाला की त्याच्या तोंडाची रबरी रिंग त्याच्याबरोबर आली का ते बघा. हे मी हात जोडून सांगते. जुनी रिंग इंजिनला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसवला, तर दोन रिंगा एकमेकींवरून घसरतात. इंजिन चालू झालं, दाब आला की नवं ऑइल तिथून फवाऱ्यासारखं बाहेर येतं. थोड्याच वेळात चेंबर रिकामा होऊ शकतो आणि लक्ष गेलं नाही तर इंजिन जातं. बसायची जागा पुसा, नव्या रिंगला बोटाने नवं ऑइल लावा, फिल्टर हाताने फिरवा आणि रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा आवळा. नेमका आकडा फिल्टरवर किंवा खोक्यावर छापलेला असतो. आवळायला पाना नको.

बोल्टचं वॉशर दर वेळी नवं घाला. तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं वॉशर एकदा दबून आकार घेतं, दुसऱ्यांदा तितकं घट्ट बसत नाही. ठिबकतं म्हणून बोल्टच जास्त आवळायला गेलात तर ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. गाडीच्या पुस्तकात बोल्ट किती न्यूटन-मीटरला आवळायचा ते दिलेलं असतं, टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) मिळाला तर तेवढाच आवळा.

शेवटी नवं ऑइल भरा, सगळं पुसा, मगच इंजिन मिनिटभर चालवा आणि बोल्ट व फिल्टरपाशी बॅटरी मारून बघा. कव्हर त्यानंतरच लावा. एवढं करूनही थेंब दिसला तर पांढऱ्या कागदावर घ्या. पेट्रोल गाडीत नवं ऑइल पहिले काही दिवस मधासारखं स्वच्छ असतं, त्यामुळे थेंब तसा असेल तर ती नवी गळती आहे आणि काळा असेल तर जुनं अडकलेलं. डिझेल इंजिनात नवं ऑइलही लगेच काळं होतं. तिथे डिपस्टिकवरची (ऑइल मोजायच्या पट्टीवरची) पातळी उतरते का हेच पाहावं लागतं.

प्रश्न: माझ्या गाडीचा फिल्टर इंजिनच्या वरच्या बाजूला, प्लॅस्टिकच्या डब्यात कागदी आहे. त्यालाही एवढा खटाटोप लागतो का?

उत्तर: नाही. फक्त क्रम उलटा करा. आधी डब्याचं झाकण सैल करून भोवती फडकं गुंडाळा. आत हवा शिरली की बहुतेक इंजिनांत डब्यातलं ऑइल आपोआप खाली चेंबरमध्ये उतरतं. मग बोल्ट काढा. झाकणाची गोल रिंग फिल्टरसोबत नवी येते, ती विसरू नका.

प्रश्न: नवं ऑइल ओतताना कॅन गचके मारतो आणि ऑइल इंजिनवर उडतं.

उत्तर: कॅनचं तोंड एका कडेला असतं ना, ती कडा वर ठेवून कॅन आडवा करा. तोंड खाली ठेवलं की हवेला आत शिरायला जागा उरत नाही आणि गचके बसतात. नरसाळं तरीही लावा. आणि पुस्तकातल्या मापापेक्षा थोडं कमीच भरून डिपस्टिक बघत बघत वाढवा.

प्रश्न: काँक्रीटवर सांडलेलं ऑइल कसं काढायचं? आणि जुन्या ऑइलचं काय करायचं?

उत्तर: पाणी मारू नका. पाण्याने ते पसरतं आणि गटारात जातं. लाकडाचा भुस्सा किंवा मांजराच्या मातीसारखी कोरडी माती जाड पसरा, बुटाने रगडा, काही तास राहू द्या आणि झाडून घ्या. राहिलेल्या डागावर भांड्याचा साबण घट्टसर लावून ताठ ब्रशने घासा आणि तो फेसही फडक्याने टिपून घ्या. डाग काढायला पेट्रोल मुळीच वापरू नका, आग लागेल.

जुनं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या सांगण्यानुसार एका वेळच्या ऑइल बदलातलं जुनं ऑइल 10 लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं. भरलेला रुंद ट्रे उचलून नेऊ नका, दोन पावलांतच तो हेलकावतो. जागेवरच नरसाळ्याने नव्या ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये भरा आणि वर ठळक 'जुनं ऑइल' लिहा. त्यात कूलंट किंवा पेट्रोल मिसळू देऊ नका, मिसळलेलं ऑइल पुनर्वापराला घेत नाहीत. जुना फिल्टर रात्रभर ट्रेमध्ये पालथा ठेवा, त्यातूनही बरंच निघतं. ते त्याच कॅनमध्ये घाला, बूच आवळा आणि कॅन जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या.