आधी हॉल रद्द कर

न्यू जर्सीहून एका होणाऱ्या आईचं चार पानी पत्र आलंय. आनंद नुसता ओसंडून वाहतोय. मधलाच तुकडा देते.

"ताई, दत्तकाचा आदेश झाला! कन्फर्मिटी सर्टिफिकेट (दत्तक नियमानुसार झाल्याचा दाखला) आलं, लेकीचा पासपोर्टही आला. साडेतीन वर्षांची आहे. 2 तारखेला आम्ही पुण्यात उतरतोय. 4 ला संस्थेतून तिला घरी आणायचं, 7 ला हॉलमध्ये नामकरण (दीडशे पानं, सासूबाईंची हौस), 9-10 ला कुलदैवत, मग व्हिसासाठी दिल्ली आणि 21 ला परत. ह्यांना रजाच तीन आठवडे आहे, त्यात सगळं बसवलंय."

बसवलंयस खरं. अगं, आपल्या सगळ्यांच्या भारतवाऱ्या अशाच असतात. दाताची कॅप, बँकेची केवायसी, शिंप्याकडचे ब्लाउज, चार घरची जेवणं आणि न गेल्याबद्दल चार घरचे रुसवे. सत्तावीस वर्षं मीही हेच केलंय. पण ही भारतवारी नाही गं. एक मूल त्याला ठाऊक असलेलं एकुलतं एक घर सोडून तुमच्याबरोबर निघालंय. म्हणून आधी हॉल रद्द कर.

रागावलीस ना? माझ्या घरातलंच सांगते. 2011 साली माझ्या धाकट्या दीर-जावेने चार वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तेव्हा आदेश कोर्टातून यायचे. तुझा जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने आला असेल, 2022 पासून तसंच असतं. त्यांनीही तुझ्यासारखंच केलं. चौथ्या दिवशी कोथरूडला हॉल, सनई, पोराला जरीचा कुर्ता. आणि पोरगं जो हात पुढे करेल त्याच्या कडेवर जात होतं. सगळ्या बायकांना "मावशी" म्हणत होतं. आम्ही कौतुकाने म्हणतोय, "किती गोड! कुणाकडेही जातो!" सगळ्यात मोठ्याने मीच म्हणत होते.

तो गोड वागत नव्हता. संस्थेत सांभाळणाऱ्या बायका, म्हणजे तिथल्या मावश्या, पाळ्यांवर येतात, बदलतात. जी समोर आहे ती आपली, तिला धरून राहायचं, एवढंच त्या मुलाला आयुष्याने शिकवलं होतं. जेवणं उरकल्यावर तो सापडेना. आहेराच्या टेबलाखाली बसला होता, संस्थेतून घालून आलेल्या निळ्या प्लास्टिकच्या चपला पोटाशी धरून. जाऊबाईंनी हात पुढे केला तर म्हणाला, "मावशी, मला घरी सोड." आई समोर उभी आणि तिला ओळखायला त्याला चार दिवससुद्धा निवांत मिळाले नव्हते.

म्हणून सांगते, पहिले काही आठवडे तिला भरवायचं, न्हाऊ घालायचं, निजवायचं, पडली तर उचलायचं तुम्ही दोघांनीच. आजीनेसुद्धा नाही. आजीने तुमच्यासाठी वरणभाताचा डबा पाठवावा. सासरच्या घरी उतरू नका, दोन खोल्यांची जागा भाड्याने घ्या. शक्य असेल तर पहिल्याच दिवशी तिला उचलून आणू नका. दोन-तीन दिवस संस्थेत जाऊन तिच्यापाशी बसा. मावशींना विचार, ही कुठल्या कुशीवर झोपते, काय ऐकत झोपते, दुधात साखर लागते का. तिची चादर मागून घे आणि धुऊ नकोस, ओळखीचा वास राहू दे; हे मी जावेच्या अनुभवातून शिकलेय. रात्री दिवा ठेव. आजवर रांगेतल्या खाटांवर झोपलेल्या मुलीला वेगळी खोली म्हणजे शिक्षा वाटते. उशीखाली तिने लपवलेला पोळीचा तुकडा सापडला तर ओरडू नकोस, फक्त तो ठेवायला मुंग्या लागणार नाहीत असा डबा दे.

तिकिटाचं थोडक्यात. 21 तारीख पक्की धरू नकोस. व्हिसाआधी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी असते. भारतात दोन वर्षांवरच्या मुलांची क्षयासाठी रक्तचाचणी होते, आणि तिच्यात काही निघालं तर पुढच्या तपासण्यांत दिवस जातात. तारीख बदलता येईल असं तिकीट घे. रजेचं म्हणशील, तर तुझ्या ह्यांनी साहेबाशी आत्ताच बोलावं, दिल्लीहून फोन करून नव्हे.

नागरिकत्वाची काळजी सोड. वडील अमेरिकन नागरिक आहेत आणि व्हिसा आयएच-3 (परदेशातच दत्तक पूर्ण झालेल्या मुलांचा) आहे, म्हणजे अमेरिकेच्या 2000 सालच्या कायद्याने ती तिथे प्रवेश मिळताच नागरिक होते. प्रमाणपत्र टपालाने घरी येतं. पुढची दोन वर्षं ती कशी रुळतेय याचे अहवाल मात्र चुकवू नका, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी.

"नाव बदलायचं का?" असं विचारलंयस. कागदावर काय लिहायचं ते लिहिलंत. पण ती ज्या हाकेला वळून बघते तीच हाक मारा. तेवढंच तर ती स्वतःचं घेऊन येतेय.

आणि तुझ्या पत्रातले ते "रक्त कुणाचं कोण जाणे" म्हणणारे काका. जोतीराव-सावित्रीबाईंनी यशवंतला घरात घेतलं त्याला दीडशे वर्षं झाली. काकांना एवढं सांग आणि चहा दे.

सासूबाईंचं मन मोडू नकोस, त्यांची हौस खरी आहे. उन्हाळ्यात त्यांना तिकडे बोलाव, तोवर पोरगी तुला आई म्हणून हाक मारायला लागली असेल. मग घरीच पुरणपोळी करा, शेजारची चार माणसं बोलवा, काय नामकरण करायचंय ते करा. हॉलवाल्याला मात्र आजच फोन लाव. अनामत बुडाली तर बुडू दे.