विज्ञानकथा वाचून किंवा सिनेमे बघून माणसाच्या विचारांत, पर्यावरणाबद्दलच्याही, खरंच काही फरक पडतो का?

हो, पडतो. माझ्या बाबतीत तो एका गोष्टीने पडला. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' शाळेत असताना वाचली, त्यात १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागतच नाही आणि मराठे जिंकतात आणि पुढचा सगळा इतिहासच बदलतो. आपल्याकडे परीक्षेत नापास झालं तरी 'पानिपत झालं' म्हणतात, ते हरणं भाषेतच मुरलंय. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की जे झालं ते तसंच व्हायचं होतं असं काही नसतं.

पर्यावरणाचं विचाराल तर २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र सांगतो, पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला ती. मावशी सहकारनगरला तळमजल्यावर राहायची, फोन केला तर म्हणाली अरे पाणी ओट्यापर्यंत आलंय, मी वरच्यांच्या जिन्यात बसलीये. सकाळी आम्ही गाळ उपसत होतो, फ्रिज आडवा, लग्नाचा अल्बम चिकटून गेलेला, आणि शेजारचे काका सारखं म्हणत होते देवाची करणी. मला नारळीकरांची तीच गोष्ट आठवत होती. कारण हा ओढा पूर्वी गावातून वाहायचा, तो वळवला नानासाहेब पेशव्यांनी, म्हणजे पानिपताच्या वेळी जे पेशवे होते तेच, आणि नंतर आपण काठाने भराव टाकत, भिंती बांधत त्याचा नाला केला. प्रत्येक वेळी कुणीतरी माणसानेच ठरवलं ना हे? मग वेगळंही ठरवता आलं असतं, अजूनही येईल.

सिनेमाने मला एवढं हलवलं नाही. तिथे बहुतेक वेळा बुडतं ते न्यूयॉर्क, आणि आपण पॉपकॉर्न खात बघतो. नारळीकरांच्या एका कथेत मुंबईत बर्फ पडतो, ते वाचताना अंगावर काटा आला कारण स्टेशनं ओळखीची होती. गोष्टीत आपली नदी, आपला रस्ता पाहिजे, मराठीत असं अजून खूप लिहायला हवंय.

माझी भाची सातवीत आहे, तिला म्हटलं ओढा वळवलाच नसता तर काय झालं असतं ते लिही. तिच्या गोष्टीत तो अजून पेठांमधून वाहतो, मुलं त्यात पोहतात, आणि सहकारनगरला पूर येतच नाही कारण तिथे घरं नाहीत, नुसती झाडं आहेत. मावशीने वाचून विचारलं, मग मी राहते कुठे? तेवढा भाग ती अजून लिहितीये.