मावशींचा बोनस: पूर्ण की अर्धा?

प्रश्न: सात वर्षं आमच्या मुलीला सांभाळणाऱ्या मावशींना आम्ही दर दिवाळीला एक पगार बोनस देतो. मुलगी जूनपासून पूर्ण वेळ शाळेत जाते. त्यामुळे मावशी आता दुपारनंतरच येतात आणि त्यांचा पगार 16,000 वरून 10,000 केला आहे. मिस्टर म्हणतात, यंदा 8,000 द्यावेत आणि उचलीचे 8,000 बाकी आहेत ते त्यातूनच वळते करावेत. सासूबाई म्हणतात, साडी-मिठाई पुरे. मला यातलं काहीच पटत नाही. मुलीला डेंग्यू झाला तेव्हा मावशी चार रात्री तिच्या उशाशी होत्या, दर तासाचा ताप वहीत लिहून ठेवत होत्या.
– एक आई, ठाणे

उत्तर: पटत नाही ते बरोबरच आहे. पूर्ण 16,000 द्या, आणि उचल त्यातून कापू नका.

बोनस सरलेल्या वर्षाचा असतो. मागच्या दिवाळीपासून मेपर्यंतचे सात महिने 16,000 ने आणि पुढचे पाच 10,000 ने धरले, तर वर्षाचे 1,62,000 होतात. त्याचा बारावा हिस्सा 13,500. बोनसच्या 1965 च्या कायद्याने कंपन्यांना किमान 8.33 टक्के घालून दिले, ते म्हणजे हाच बारावा हिस्सा. घरकाम त्या कायद्यात कधीच बसलं नाही. आपल्याकडच्या 2008 च्या घरेलू कामगार कल्याण मंडळाच्या कायद्यातही बोनसचा आकडा नाही. पण एका पगाराची रीत घरोघरी आहे आणि तुम्ही ती सात वर्षं पाळलीत. 13,500 च्या खाली जाणं मला सरळ अन्याय वाटतो.

मग 16,000 का? कारण तास मावशींनी कमी केले नाहीत, तुमची गरज कमी झाली. महिन्याचे सहा हजार त्यांच्या घरात जूनपासून येत नाहीत. सकाळचं दुसरं काम त्यांना मिळालं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मिळालं नसेल तर तुमच्या सोसायटीत शब्द टाका. आणि ती तापाची वही मिस्टरांना एकदा दाखवा.

त्यांच्या हिशेबाने मावशींच्या हातात पडतं शून्य. सात वर्षांनी, ऐन दिवाळीत! उचल वेगळी आहे, ती दर महिन्याला हजार-हजार करून पगारातून फिटू दे. तसं मावशींना आत्ताच सांगा, म्हणजे पाकीट घेताना त्यांच्या मनात धाकधूक राहणार नाही.

साडी सासूबाईंनी जरूर द्यावी, पण ती भेट. तिची किंमत बोनसमध्ये धरायची नाही. पैसे वसुबारसेच्या आठवडाभर आधी द्या. फराळाचा किराणा आणि पोरांचे कपडे त्यांनाही दिवाळीआधीच घ्यायचे असतात.