वाचकांचे प्रश्न : कारखाना मालकाच्या डोक्यात नको, फळ्यावर हवा

प्रश्न : आमचं काजू प्रक्रियेचं लहान युनिट आहे. नऊ बायका कामाला येतात. मी बँकेत किंवा बाजारात गेले की त्या दिवशी तुकडा, म्हणजे मोडलेला गर, हमखास वाढतो. त्यांच्यातल्या एका हुशार बाईला मुकादम नेमू का?
(एक वाचक, कुडाळ तालुका)

ताई, मुकादम नेमायची घाई करू नका. बी किती वाफवायची, कधी फोडायला घ्यायची, बोर्मा (गर वाळवायची भट्टी) कधी बंद करायचा, हे आज तुम्ही हात लावून ठरवता. तुम्ही बाहेर पडलात की ते ज्ञानही तुमच्याबरोबर बाहेर पडतं. मुकादमीण नेमलीत तर तिच्या हाती अधिकार येईल, पण हे ज्ञान येणार नाही. वर बाकीच्या आठजणींशी तिचं वाकडं येईल ते वेगळंच.

आधी तुकडा नेमका कुठे होतो ते शोधा. ग्रेडिंगच्या शेवटी एकदाच वजन केलं तर ते कळत नाही. तुकडा आणि पाकळी (दोन फाकी झालेला गर) तीन ठिकाणी तोला: बी फोडल्यावर, साल काढल्यावर आणि ग्रेडिंग झाल्यावर. फोडतानाच तुकडा जास्त पडत असेल तर कारण त्याच्या आधीचं असतं. वाफ कमी लागली की टरफल चिवट राहतं आणि कटिंग यंत्राचं पातं गरात घुसतं. बी थंड होऊ न देता घेतली की गर मऊ असतो. वाफवलेली बी पसरून रात्रभर तरी निवू द्यायलाच हवी. तिसरं कारण बहुतेक ठिकाणी दुर्लक्षित राहतं: लहानमोठी बी एकत्र असणं. पात्यांमधलं अंतर एकाच आकाराला बसतं, म्हणून चाळणीने आकार वेगळे केल्याशिवाय कटिंगला बसू नये.

तुकडा साल काढताना वाढत असेल तर बोर्म्याकडे बघा. गर जास्त वाळला की ठिसूळ होतो. कमी वाळला की साल चिकटून बसते, मग बायका सुरीने खरवडतात आणि गर तुटतो. साधारण 65 ते 70 अंशांवर सहा ते आठ तास हा पल्ला धरून चाला. पण तुमच्या बोर्म्याचा वरचा आणि खालचा ट्रे सारखा तापत नसणार, तेव्हा ट्रे कधी फिरवायचे ती वेळ ठरवून लिहा.

हे सगळं भिंतीवरच्या फळ्यावर यायला हवं. खेपेचा क्रमांक, बी किती किलो, वाफ किती मिनिटं, निववली किती तास, आणि तिन्ही ठिकाणचा तुकडा. 100 किलो बीतून 25 किलो गर निघाला आणि त्यात तुकडा-पाकळी मिळून 5 किलो असेल तर ते 20 टक्के झाले. सुधारणा करताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान तीन खेपा ती तशीच ठेवा. वाफही बदलली आणि बोर्माही बदलला, तर फरक कशाने पडला ते कुणालाच कळणार नाही.

तुकड्यापोटी मजुरी कापत असाल तर ते आजच बंद करा. त्याने तुकडा कमी होत नाही, टरफलांच्या ढिगात लपवला जातो आणि फळ्यावरचा आकडा खोटा पडतो. त्याऐवजी अख्ख्या गराला किलोमागे चढा दर द्या. तुलना मात्र त्याच खेपेतल्या बाकीच्या बायकांच्या सरासरीशी करा. वाफ चुकलेली खेप ज्या बाईच्या पुढ्यात आली, तिचा त्यात काय दोष?

प्रत्येक खेपेतली 50 बी आधी फोडून बघायची आणि तुकडा नेहमीच्या दीडपट दिसला तर काम थांबवायचं, हा हक्क नऊही जणींना द्या. पहिल्यांदा कुणी खरोखर थांबवेल तेव्हा नुकसान झालं तरी तिला बोलू नका. फळा आठवड्याला एकीकडे, असा फिरता ठेवा. दोन महिन्यांत बाकीच्या अडचण आली की कुणाकडे जातात ते दिसेल. तीच तुमची मुकादमीण.

प्रश्न : नवी मुंबईतली नोकरी सोडून गावी काजू युनिट टाकायचं आहे. साठवलेले 6 लाख आहेत. कुठला कोर्स करावा?
(एक तरुण, राजापूर)

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं वेंगुर्ल्यात प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे. वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 या जाती तिथल्याच. तिथे जरूर जा. पण त्याआधी फेब्रुवारी ते मे हा एक हंगाम कुणाच्या तरी युनिटमध्ये बी खरेदीला उभे राहा. या धंद्यातला नफा-तोटा बराचसा खरेदीतच ठरतो.

दोन गोष्टी हाताने शिका. पहिली, कटिंग टेस्ट. पोत्याच्या तोंडातून, मधून आणि तळातून मिळून 1 किलो बी घ्या, मोजा, सगळी फोडा. चांगला गर सालीसकट तोला. डागी किंवा अपक्व गराचं वजन निम्मंच धरा. चांगला 270 ग्रॅम आणि डागी 20 ग्रॅम निघाला तर हिशेब 280 ग्रॅमचा. 80 किलोच्या पोत्याला तो 22.4 किलो होतो, व्यापाऱ्यांच्या भाषेत सुमारे 49 पौंडांचा आउटटर्न, म्हणजे पोत्यामागे निघणारा गर.

दुसरी, ओल. 14 टक्के ओलीची 100 किलो बी 8 टक्क्यांवर वाळवली की साडे-त्र्याण्णव किलो उरते. समजा 120 रुपयांनी घेतली असेल, तर ती तुम्हाला 128 रुपयांना पडली.

आता 6 लाखांचं. रोज 50 किलो बी आणि वर्षात 250 दिवस काम धरलं तर साडेबारा टन बी लागते. त्याच 120 रुपये दराने ते 15 लाख झाले, आणि गावातली बी हंगामातच मिळते. यंत्रांवर 2 लाख घातले तर उरलेल्या 4 लाखांत 66 दिवसांची बी येईल. पुढे युनिटला कुलूप. म्हणून पहिलं वर्ष दुसऱ्यांची बी मजुरीवर फोडून द्या. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान ठेवलेलं होतं, पण ते बँक कर्जाशी जोडलेलं; योजना आज चालू आहे का ते आधी विचारा. खेळतं भांडवल किती लागेल हे महिन्यावार कागदावर मांडूनच बँकेत जा. नोकरी हंगामापुरती बिनपगारी रजा देत असेल तर राजीनामा एवढ्यात नको.

प्रश्न : लावणीला, गणपतीला, शिमग्याला माणसंच येत नाहीत. शिस्त कशी लावू?
(एक वाचक, गुहागर)

हा शिस्तीचा प्रश्नच नाही. ज्या बाईची खाचरं पाण्याने भरलीत, ती लावणी टाकून तुमच्याकडे येणार नाही, आणि येऊही नये. मे महिन्यात प्रत्येकीला विचारून तिचे न येण्याचे दिवस कॅलेंडरवर मांडा. कटिंगचा जोर लावणीआधी संपवा. जून-जुलैत हजर असतील तेवढ्यांवर सोलणी आणि ग्रेडिंग चालवा. मात्र पावसाळी हवेत सोललेला गर ओल धरतो, तो त्याच दिवशी हवाबंद डब्यात गेला पाहिजे. बॉयलरची साफसफाई आणि पात्यांना धार लावणं गणपतीच्या सुट्टीत उरका. दिवाळीच्या ऑर्डरींची तारीख घेताना कापणीचे दिवस आधी वजा करा, मग गिऱ्हाईकाला शब्द द्या.