‘गोएड’ म्हणणारा पोरगा मागे पडलेला नाही

पत्र: ताई, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी सातवीला इंग्रजी शिकवते. जूनअखेर शाळा उघडली तेव्हा 13 वर्षांचा एक नेपाळी मुलगा वर्गात आला. बाप जिनिंगवर चौकीदार आहे. दिवाळीपर्यंत पोरानं तोंड उघडलं नाही, पण ‘ओपन युवर बुक’ म्हटलं की सगळ्यांआधी पुस्तक काढायचा. त्याचं बोलणं मी एका वहीत टिपते. संक्रांतीपर्यंत ‘वेन्ट’ बरोबर म्हणायचा, आता ‘गोएड’ म्हणतो. मुख्याध्यापक म्हणतात, पाचवीत बसवा. माझंच शिकवणं कमी पडतंय का? रात्र रात्र झोप लागत नाही.

उत्तर: मॅडम, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि ‘वेन्ट’च्या ओळीवर थांबले. तुम्हाला जी घसरण वाटते, ती त्याची चढण आहे.

घरातलं लहान लेकरू आठवा. आधी नीट ‘मी केलं’ म्हणणारं लेकरू एक दिवस ‘मी करलं’ म्हणायला लागतं. ‘करलं’ त्याला कोणीच शिकवलेलं नसतं. धरलं, भरलं ऐकून त्यानं नियम स्वतः काढलेला असतो. तुमच्या पोरानं तेच केलंय. ‘वेन्ट’ त्यानं कानावर पडला तसा उचलला होता, ‘गोएड’ त्यानं स्वतः घडवला. इंग्रजीत ‘एड’ जोडून भूतकाळ करतात हे त्याला कळलं. ‘वेन्ट’ परत येईल, आणि या वेळी समजून येईल. शिकणाऱ्याच्या या मधल्या भाषेला भाषातज्ज्ञ लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्ये ‘इंटरलँग्वेज’ असं नाव दिलं. आपल्याला ती चुकांनी भरलेली दिसते, पण तिलाही स्वतःचं व्याकरण असतं.

म्हणून वही बंद करू नका. ‘चूक’, ‘बरोबर’ लिहिणं मात्र सोडा. तो बोलला ते वाक्य जसंच्या तसं लिहा, तारीख घाला, कोणाशी बोलला तेही लिहा. नकार कसा देतो ते खास बघा. बहुतेक मुलं आधी ‘आय नो गो’ म्हणतात, मग ‘डोन्ट’ येतं, ‘डझन्ट’ बरंच उशिरा. ‘ही गोज’मधला शेवटचा ‘ज’ तर फार मागून येतो, त्यावर आत्ताच लाल पेन चालवू नका.

‘इंग’ लवकर येतं, आणि तिथे आपली वऱ्हाडी बोली तुमच्या कामाची आहे. पुस्तकातलं ‘तो जात आहे’ बाजूला ठेवा. गावात सगळे ‘तो जाऊन राहिला’ म्हणतात. नेपाळीत म्हणतात, ‘ऊ गइरहेको छ’. दोन्हीकडे ‘राहणं’ आहे! ही दोन वाक्यं आणि ‘ही इज गोइंग’ फळ्यावर एकाखाली एक लिहा, नेपाळी ओळ त्याच्याकडून वाचून घ्या. लिपी देवनागरीच, अख्खा वर्ग मागोमाग वाचेल. वर्गाला काहीतरी शिकवण्याची त्याची ती पहिलीच वेळ असेल.

दिवाळीपर्यंतच्या गप्प बसण्याची भीती बाळगू नका, तो ऐकत होता. पुस्तक आधी काढत होता हे तुम्हीच लिहिलंय. घरी नेपाळी बंद करा, असं कोणी बापाला सांगत असेल तर थांबवा. त्याचा सगळा विचार अजून त्याच भाषेवर उभा आहे.

वेळ लागेल, हेही खरं. कॅनडात आलेल्या परदेशी मुलांबद्दल भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवलं की बोलण्यापुरतं इंग्रजी साधारण दोन वर्षांत येतं, पण अभ्यासाच्या इंग्रजीला पाच ते सात वर्षं लागतात. ती मुलं दिवसभर इंग्रजीत वावरत होती. तुमच्या पोराला मिळतो एक तास, बाहेर वऱ्हाडी, पुस्तकात प्रमाण मराठी. एका वर्षात निकाल मागणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि तुमच्यावरही.

पाचवीला ठाम नाही म्हणा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 4 सांगतं की मागे राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गातच बसवायचं आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं. मुख्याध्यापकांसमोर ते कलम आणि तुमची वही, दोन्ही ठेवा. दिवाळीनंतरचं पहिलं पान आणि आजचं पान शेजारी शेजारी दाखवा.

आणि उद्या तो ‘ही गोएड होम’ म्हणाला तर वर्गासमोर दुरुस्त करू नका. ‘येस, ही वेन्ट होम. अँड देन?’ एवढंच म्हणा आणि तो पुढे काय सांगतो ते ऐका.