वाचकांचे प्रश्न: चेनसॉचा क्लच बिघडलाय की दुसरंच काही?

प्रश्न : नमस्कार, माझ्या चेनसॉची चेन आयडलिंगलाच फिरायला लागलीय, रेस अजिबात दिलेली नसते तरी. स्लोचा स्क्रू बराच मागे घेतला तर इंजिन बंद पडतं पण चालू आहे तोवर चेन फिरतेच. कव्हर काढलं तर ड्रम (क्लचभोवतीची, चेन फिरवणारी वाटी) एका बाजूला निळा पडलेला दिसतोय. क्लच खोलायचा प्रयत्न केला, पण तो सुटतच नाही, सगळं इंजिन सोबत फिरतं. नुसती स्प्रिंग बदलून चालेल का पूर्ण क्लच घ्यावा लागेल?

उत्तर : आधी जोर लावणं थांबवा, कारण तुम्ही बहुतेक तो सोडवत नसून आवळताय! चेनसॉच्या क्लचला जवळपास नेहमी उलटे आटे असतात, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. बऱ्याच क्लचवर बाण काढून 'ऑफ' असं कोरलेलंही असतं, तेलाचा आणि भुशाचा थर पुसला की दिसतं. इंजिन चालताना क्लच आपोआप आवळत जातो म्हणून आटे उलटे ठेवलेत.

इंजिन सोबत फिरू नये म्हणून पिस्टन अडवायचा. स्पार्क प्लग काढा (तो तसाही काढायचाच, हात चेनजवळ असताना इंजिन चालू होण्याची शक्यताच ठेवायची नाही), क्लच घड्याळाच्या दिशेने हळू फिरवत पिस्टन वर येऊ द्या, प्लगच्या भोकातून टॉर्च मारून एक्झॉस्टचं पोर्ट (धूर बाहेर जायचं सिलिंडरमधलं भोक) पिस्टनने पूर्ण झाकलंय ना ते बघा, आणि मगच स्टार्टरची जाड नायलॉनची दोरी भोकातून आत भरा, बाहेरच्या टोकाला गाठ मारून. पोर्ट उघडं असताना दोरी भरली तर ती पोर्टात घुसते आणि पिस्टनच्या कडेने कापली जाते, मग तुकडे काढत बसा. स्क्रूड्रायव्हर वगैरे लोखंडी वस्तू घालून पिस्टन अडवणारे लोक आहेत, त्यांच्या नादी लागू नका, पिस्टनला भोक पडतं. परत बसवताना क्लच उलट दिशेने आवळायचा असतो, तेव्हा दोरी काढून पिस्टन त्या बाजूने वर आणायचा आणि पुन्हा भरायची.

आता मूळ दुखणं. हा क्लच स्कूटरसारखाच सेंट्रिफ्यूगल, आरपीएम वाढले की शू (क्लचचे वजनदार तुकडे) बाहेर फेकले जाऊन ड्रमला आतून धरतात आणि स्लोवर आले की स्प्रिंगा त्यांना परत आत खेचतात. आयडल साधारण २५०० ते ३००० आरपीएम आणि क्लच धरतो त्याच्या बराच वर, म्हणून निरोगी मशीनमध्ये आयडलला चेन उभी राहते. तुमच्याकडे स्लो कमी करूनही चेन फिरतेय म्हणजे एकतर स्प्रिंग तुटलीय किंवा ताणून सैल झालीय, नाहीतर ड्रमच्या आतलं नीडल बेअरिंग जाम होऊन ड्रमला शाफ्टबरोबर ओढतंय. ओळखायला सोपं आहे, चेन ब्रेक सोडा, चेन उतरवा आणि ड्रम हाताने फिरवा. इंजिन न हलता तो मोकळा फिरायला हवा. खरखर लागली तर बेअरिंग काढून पिन निळ्या पडल्यात का, पिंजरा तुटलाय का बघा. (स्क्रू पूर्ण मागे घेऊनही इंजिन स्वतःहून रेस खात राहिलं असतं तर क्लचचा संबंधच नव्हता, कुठूनतरी हवा आत ओढली जातेय असं समजायचं आणि मशीन लगेच बंद करायचं, नाहीतर पिस्टन जळतो.)

स्प्रिंग एकटी बदलू नका, सगळ्या एकदम बदला, एक नवी आणि बाकी थकलेल्या असल्या की शू सारखे उघडत नाहीत. शू एकसारखे झिजलेले असतील आणि तडा नसेल तर ते चालतील. ड्रम गडद निळा आहे, बारीक तडे आहेत किंवा आत खाच पडलीय, यातलं काही असेल तर मात्र नवा घ्या. स्प्रॉकेटवर (ड्रमवरचं चेन ओढणारं दातेरी चाक) चेनने ०.५ मिमीच्या आसपास खड्डे पाडले असतील तरीही नवाच. बेअरिंगला ग्रीस द्या, पण शू आणि ड्रम कोरडे ठेवा. आणि ऑइल पंपाचा वर्म गिअर (पंप फिरवणारा स्क्रूसारखा गिअर) नक्की तपासा, अनेक मॉडेलमध्ये तो प्लास्टिकचा असतो आणि ड्रम तापला की वितळतो, मग बारला (चेन जिच्यावरून फिरते ती पाती) तेल जात नाही आणि लोक पंप बदलत बसतात.

सगळ्यात महत्त्वाचं, ड्रम निळा का झाला ते शोधा, नाहीतर नवा क्लचही तसाच जाईल. क्लच घसरला की तापतो आणि घसरायचं कारण बहुतेक वेळा वापरात असतं: बोथट चेन दाबून कापणं, अर्ध्या रेसवर कापणं, बार लाकडात अडकला तरी ट्रिगर धरून ठेवणं. चोक लावून स्टार्ट केल्यावर इंजिन वरच्या आरपीएमवर असतं आणि ब्रेक लागलेला असतो, तेव्हा लगेच ट्रिगर एकदा दाबून सोडून ते आयडलला आणायला हवं, बरेच जण तिथे विसरतात.

प्रश्न : इंजिन फुल रेस घेतं पण चेन हलत नाही. क्लच गेला का?

उत्तर : आधी चेन ब्रेक बघा, चेष्टा नाही करत, बऱ्याचदा तोच लागलेला असतो. मग चेन फार आवळलीय का, बारच्या नाकाचं चाक जाम आहे का ते पाहा. हे सगळं ठीक असेल तर शू झिजलेत किंवा त्यांच्यावर तेल गेलंय. ब्रेक कव्हरमध्येच असलेल्या मॉडेलमध्ये कव्हर काढायच्या आधी ब्रेक सोडा, लागलेला राहिला तर पट्टा आवळलेला राहतो आणि कव्हर परत ड्रमवर बसतच नाही. आणि ड्रम काढून इंजिन चालवून बघू नका, शूंना अडवायला काही नसतं, ते सरळ उडतात.

प्रश्न : नवा ड्रम आणलाय, जुनी चेन चालेल ना?

उत्तर : पिच (चेनच्या कड्यांमधलं अंतर, इंचात) जुळत असेल तर बसेल, .३२५ च्या ड्रमवर ३/८ ची चेन चालणार नाही. पण चेन खूप ताणलेली असेल तर नव्या स्प्रॉकेटचे दात ती लवकर खाईल, म्हणून दोन्ही एकत्रच बदलून टाका.